धातुदर्शनाचा पेला

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी सगळ्यात मोठी गर्दी ना भाजीला होती, ना बैलांना. ती होती धातुयोगी कैवल्यनाथ महाराजांच्या कनातीला. बाहेर पाटी होती : ‘फक्त पुरुषांसाठी. स्त्रीची सावली पडल्यास विद्या नासते.’ विद्या दुधाइतकीच नाजूक असावी.

शेजारच्या वसंताचा आर्यन आत शिरताना दिसला, म्हणून मीही मागोमाग गेलो. अकरावीतलं पोरगं, जिल्ह्याच्या शर्यतीसाठी निवड झालेलं. महाराजांनी त्याच्या हाती काचेचा पेला दिला. आत नितळ पाणी, पाण्यात नळी.

“फुंक, बेटा. शरीर झूठ बोलत नसतं.”

आर्यननं फुंकलं. पाणी दुधाळ झालं आणि पोराचा चेहरा त्याहून पांढरा.

“बघा, ही धातू. झोपेत गळून राह्यली. ही काळी पुडी रोज खाय. एक थेंब धातू म्हंजे शंभर थेंब रक्त.”

या हिशेबानं गावातली निम्मी तरणी पोरं केव्हाच कोरडी पडायला हवी होती. पण हिशेब विचारायचा तर झोपेतली गोष्ट चारचौघांत काढावी लागते. कोणी काढली नाही. मीही नाही. वाचनालय सांभाळता सांभाळता माझी मोठ्यानं बोलायची सवयच गेली आहे.

पुढं चार-पाच दिवस आर्यन मैदानावर दिसला नाही. एकदा ओट्यावर बसलेला सापडला.

“आजोबा, पळणं बंद केलंय. महाराज म्हणले, पळालास तर उरलेली बी जाईल.”

“आणि ती काळी पुडी?”

“खाऊन राह्यलो. उलट्या होतेत. घाण बाहेर पडते म्हणे.”

“आईला सांगितलंस?”

गावातून उघडा फिर म्हटल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

शेवटी मी सुमेधाबाईंकडे गेलो. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. विषय काढेपर्यंत माझा चहा गार झाला.

“पाण्याला वास कसला होता, काका?”

“पानटपरीसारखा. चुन्याचा.”

त्या हसल्या नाहीत. “बायकांना आत का घेत नसतील, याचा विचार केलात?”

केला नव्हता. पाटी वाचून मला फक्त राग आला होता.

पुढच्या बाजारी सुमेधाबाई आल्या, सोबत बांगड्या विकणारी सत्तरीची लालबी. मी कनातीचा पडदा वर धरला. माझा पराक्रम एवढाच.

“माताजी, बाहेर. विद्या नासेल.”

“नासू द्या, दही लावू,” असं म्हणत लालबीनं ताजा पेला उचलला आणि फुंकलं. पाणी पांढरं झालं.

लालबीनं पेला सगळ्यांना दिसेल असा धरला.

“मंग माही बी धातू गळून राह्यली म्हणा. जल्दी पुडी द्या, महाराज, बांगड्यापाशी गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

“आता तुमी फुका,” लालबी महाराजांना म्हणाली.

महाराजांना नेमका तेव्हाच खोकला आला.

सुमेधाबाईंनी पेला हाती घेतला. “ही चुन्याची निवळी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ती दुधाळ होते. बाईचा श्वास असो, बाप्याचा असो. हा चमत्कार शाळेच्या पुस्तकात चित्रासकट छापलाय.” मग वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, “वयात येताना झोपेत वीर्य बाहेर येणं नेहमीचं आहे. त्यानं रक्त आटत नाही. तो आजार नाही आणि गुन्हा तर मुळीच नाही.”

“मंग पळू का, मॅडम?” पोरांच्या गर्दीतून आर्यननं मान खाली घालूनच विचारलं.

“आधी ती पुडी घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात चल. डॉक्टर म्हणतील तेव्हा पळ.”

“अजून बी लय इचारायचंय,” मागून त्याच्या वर्गातला आमिर म्हणाला.

“विचार की. दवाखान्यात तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशक बसतात. निरोध कशासाठी असतो, आपण नको कसं म्हणायचं, दुसऱ्याचं नको कसं मानायचं, सगळं सांगतात. आणि तुझं नाव गावभर करत नाहीत.”

पोरं पांगली नाहीत, उलट पुढं सरकली. मागच्या बाजूनं महाराज अंतर्धान पावले. त्यांनी केलेला खरा चमत्कार तेवढाच.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आर्यन शर्यतीत पळाला. चौथा आला. रक्त शाबूत आहे.

महाराजांचं सामान म्हणजे चिमूटभर चुना. बाकी सगळी सामग्री आपण पुरवली होती, आपली शरम. पोरांना घरात विचारता आलं, तर ती कनातीत जायची नाहीत. तेव्हा घरात बोला, आणि बोलवत नसेल तर माझ्यासारखं निदान बोलणाऱ्यासाठी पडदा तरी वर धरा. आणि जो बायकांना बाहेर ठेवून पोरांची परीक्षा घेतो, त्याच्या पेल्यात आधी एखाद्या आजीला फुंकायला सांगा.