पालथे पाच उमेदवार

श्यामकांत निकमांना माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, दुखण्यावरून राहत. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या बाजारात कुणी हात केला की ते आधी त्याची चाल बघत आणि मग मनात म्हणत, हां, हा डावा गुडघा. एकवीस वर्षं फिजिओथेरपी करून शहरातल्या निम्म्या कंबरा त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. पण कंबरेची ओळख म्हणजे माणसाची ओळख नव्हे, हे त्यांना बायको इंगोलश्टाटला गेल्यावर कळलं.

सरलाताई गेल्या होत्या मुलाकडे, अनिमेषकडे, सुनेच्या बाळंतपणाला, तीन महिन्यांसाठी. त्याला आता दोन वर्षं होत आली. नात चालायला लागली, आजीला जर्मनमध्ये 'नाइन', नाही, म्हणायला लागली, तरी ते तीन महिने काही संपेनात. रोज संध्याकाळी फोन मात्र यायचा.

"अहो, दुपारी काय खाल्लंत?"

"पाव."

"नुसता?"

"चीज होतं की."

मग पलीकडून एक सुस्कारा. श्यामकांतना तो पाव उतरायचा, सुस्कारा उतरायचा नाही. फक्त गुरुवारी त्यातून सुटका. गुरुवारी ते म्हणत, "आज नको गं, मीटिंग आहे," आणि फोन स्वतः ठेवत. आठवड्यातून एकदा आपल्यालाही वेळ नसतो, एवढं एकच ऐश्वर्य त्यांच्याकडे उरलं होतं. बाकी दिवस त्यांना वेळच वेळ.

मीटिंग होती फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या निवडणूक समितीची. मार्चमध्ये राज्याच्या विधानसभेची निवडणूक, आणि आपल्या धंद्याच्या बाजूने बोलेल असा उमेदवार शोधून त्याला पाठिंबा द्यायचा, हे तिचं काम. पाठिंबा म्हणजे थैल्याबिल्या नाहीत. सगळ्या उमेदवारांना आठ प्रश्न पाठवायचे, प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, बोलावून कामाचे हाल दाखवायचे, मग जो बरा वाटेल त्याच्यासाठी सभासदांना पत्र आणि वेटिंग रूमच्या भिंतीवर त्याचा फोटो. आठातला मोठा प्रश्न पहिला: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंटला थेट आमच्याकडे येऊ देणार का?

समितीच्या अध्यक्ष फ्राउ केटनरिंग म्हणजे ताठ मान, दुखणं शून्य, त्यामुळे श्यामकांतना त्या कधी नीट कळल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "हेर निकम, तुमच्याकडे पाच बेड आहेत आणि थेरपिस्ट एकटे तुम्ही. माणसं मिळत नाहीत हे याहून चांगलं कुठे दिसणार? पाच उमेदवार, पाच गुरुवार, एकेकाला बोलवा."

इथे श्यामकांतनी आपल्या गावचं, सातारचं गणित मांडलं. आपल्याकडे शंभर बोलवावेत तेव्हा चाळीस पानं उठतात. गेल्या दिवाळीला त्यांनी युनिव्हर्सिटीतली पंधरा मराठी मुलं फराळाला बोलावली होती. आली दोन, त्यातल्या एकाचा पाय मुरगळला होता म्हणून. तेव्हा पाच गुरुवारी एकेक बोलावला तर पाचही गुरुवारी फ्राउ केटनरिंगसमोर रिकामा दरवाजा बघत बसायचं. त्यापेक्षा पाचही जणांना एकाच गुरुवारी चारला बोलवावं, एखादा तरी येईल. पाचही जणांचं उत्तर आलं, "आनंदाने येतो." श्यामकांत हसले. "नक्की येतो हं" म्हणणारे त्यांनी साताऱ्यात शेकड्याने पाहिले होते.

त्या गुरुवारी चार वाजायच्या आत पाचही आले.

पण एकदम नाही. मागेपुढे दोन-दोन मिनिटांनी आले, आणि तेवढ्यात श्यामकांतना जे सुचलं ते एकवीस वर्षांच्या सवयीने सुचलं. पहिल्याला म्हणाले, "कंबर धरलीय ना? धरलेलीच असणार, प्रचार म्हणजे उभं राहणं. या, आधी फांगो घेऊ." मग कुणाची मान, कुणाचा गुडघा, असं म्हणत बाकीच्यांनाही तेच. फांगो म्हणजे गरम चिखलाची लादी. माणसाला पालथं घालायचं, तोंड बेडच्या भोकात, पाठीवर लादी, वर चादर घट्ट गुंडाळायची आणि पडदा ओढायचा. वीस मिनिटं हलायचं नाही. पाच पडद्यांआड पाच पक्ष पालथे पडले आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

कंबर धरलेले हेर बोलांडर वयाने सगळ्यांत मोठे. ते भोकातून जमिनीशी बोलावं तसं बोलू लागले, "खरं सांगू, ही चिठ्ठीची भानगड मूर्खपणाची आहे."

"गेनाऊ, अगदी," शेजारच्या पडद्यातून आलं.

बोलांडरना वाटलं, थेरपिस्ट म्हणाला. त्यांना जोर चढला. दुसऱ्या टोकाची मान म्हणाली, "बरोबर बोललात." श्यामकांत मधल्या बोळात टॉवेल घेऊन उभे, कपाळाला घाम.

तेवढ्यात फ्राउ केटनरिंग आल्या. दारात त्यांना बुटांचे पाच जोड दिसले. त्यांनी श्यामकांतकडे पाहिलं, श्यामकांतनी टॉवेलकडे. पण बाईंच्या हातात आठ प्रश्नांचा कागद होता, आणि हातात कागद असला की त्या वाचतात. त्यांनी पहिला प्रश्न खणखणीत वाचला. पाच पडद्यांतून पाच "जा" आले, म्हणजे जर्मन होकार.

आता सगळ्यांना सगळं कळलं होतं, पण पाठीवर पंचेचाळीस डिग्रीचा चिखल घेऊन कोण उठून जाणार?

"आमचा पक्ष हे पहिल्या वर्षीच करेल," एक गुडघा म्हणाला.

"आम्ही सहा महिन्यांत," मान म्हणाली.

"पहिल्याच अधिवेशनात," बोलांडर म्हणाले. त्यांना त्या भोकातून खोकला आला.

फ्राउ केटनरिंग वाचत गेल्या, लिहीत गेल्या. घंटा वाजेपर्यंत आठही प्रश्नांना पाचही जणांचा होकार झाला होता. मग पाच लालभडक पाठी उठल्या, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मान गुडघ्याचा बूट घालून निघाली, ती पायऱ्यांवरून परत आली. दहा मिनिटांत प्रॅक्टिस रिकामी.

श्यामकांत घाबरत म्हणाले, "चूक माझी. पण उरलेले चार गुरुवार आपण..."

"कसली चूक?" फ्राउ केटनरिंगनी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वीस वर्षांत समितीला हे जमलं नव्हतं. पाचही जण आपल्या बाजूने. आता पाठिंबा कुणा एकाला द्यायचं कारणच नाही. काम संपलं."

"म्हणजे पुढच्या गुरुवारी?"

"पुढची निवडणूक पाच वर्षांनी. तेव्हा नक्की भेटू."

"तसं मध्येही भेटता येईल."

"जरूर. विषय काय?"

श्यामकांतनी तोंड उघडलं. विषय. नुसतं बसायचं, कॉफी प्यायची, कुणाची सून कशी आहे ते विचारायचं, याला मराठीतही विषय म्हणत नाहीत. "पाठवतो," ते म्हणाले.

"आल्झो, तर मग विषयपत्रिका आली की तारीख ठरवू," म्हणत त्या गेल्या.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन बसले. वर लिहिलं, एक: उपस्थितांचं स्वागत. सगळ्यांत खाली लिहिलं, आयत्या वेळचे विषय. मधल्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला. अर्धा तास त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. मग फोन वाजला.

"अहो, काय करताय?"

"मीटिंगची तयारी."

"अजून चालू आहे का ती समिती तुमची?"

"जा, जा. जोरात."

"बरं झालं बाई," सरलाताई म्हणाल्या. "मला उगाच वाटत होतं, एकटे बसला असाल. तर आज नाही हं वेळ खात तुमचा."

"तसं पाच मिनिटं..."

फोन ठेवलेला होता.