हवेत अडकलेली बदामची अठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. माझ्यात आज एक्कावन्न पत्ते आहेत. बावन्नावी, म्हणजे बदामची अठ्ठी, कुठे गेली ते मला नेमके ठाऊक आहे. पण मी सांगू लागलो की ऐकणारे हसतात. तुम्हीही हसाल. खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. तिथे राजे, राण्या आणि गुलाम एकाच रांगेत उभे राहून रंगाची वाट पाहत होते. गुलामाच्या मागे उभे राहायला लागले म्हणून किलवरचा राजा रुसला आणि त्याने मान वळवली. तेवढ्यात छाप बसला. तो आजही तिरकाच पाहतो. विश्वास नसेल तर तुमच्या घरचा कॅट काढून बघा.

मला फहीमने देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर घेतले. एका लग्नाच्या वऱ्हाडात जीपमध्ये वेळ जावा, एवढाच हेतू होता. जाताना गुलामचोराचा एक डाव झाला. येताना सगळे झोपले, आणि फहीम मला एका हातातून दुसऱ्या हातात ओतत बसला. तिथेच आमचे जुळले.

फहीमचा दुसरबीडला हमरस्त्यालगत गाद्या-रजयांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक कापूस पिंजायचे यंत्र, एक शिवणयंत्र आणि छतापर्यंत कापसाचा ढीग. पत्ता हातातून सुटला तर कापसावर पडतो. त्यामुळे माझे कोपरे कधी दुमडले नाहीत. असे राजेशाही बालपण फार थोड्या कॅटांच्या नशिबी येते.

फहीमची अम्मी, अमीरबी, शिवणयंत्रावर गाद्यांच्या खोळी शिवते. तिला मी पहिल्या दिवसापासून खुपत होतो. पत्ते म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे घरावर नांगर, असे तिचे मत होते. एकदा हा कॅट चुलीत घालते म्हणून ती उठलीही. फहीमने तिला समजावले की तो पत्ते खेळत नाही, नुसते उडवतो. मग त्याने तिच्यासमोर माझा पंखा केला, मला एका हातात कापले, आणि या तळहातापासून त्या तळहातापर्यंत माझा पाट वाहवला. अमीरबीने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, "कापूस तं तुह्या बापानंही उडवला. पण त्याची गादी झाली. याचं काय होईन?"

माझी गादी होणार नव्हती, हे खरे. पण मी कष्टात कसर केली नाही. एकदा तर माझा पंखा इतका मोठा झाला की त्या वाऱ्याने दुकानातला सगळा कापूस रस्त्यावर गेला, आणि मेहकरकडून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने धुके समजून भर दुपारी दिवे लावले. तो ड्रायव्हर भेटला तर विचारा. तो नाही म्हणेल. ड्रायव्हर लोक कधी काही कबूल करत नाहीत.

त्याच दिवसांत अमीरबीने चहाचा कप माझ्यावर ठेवला. बदामची अठ्ठी सर्वांत वर होती. तिच्यावर लोणारच्या तळ्यासारखा गोल डाग उमटला. हा डाग लक्षात ठेवा.

आता मंडळाची गोष्ट. असे पत्ते उडवणारे वेडे जगात पुष्कळ आहेत, हे फहीमला मोबाइलवर कळले. त्यांतल्या आपल्या भाषेतल्या वेड्यांचा एक गट होता, 'हातचाळा मंडळ'. तो काढला होता सुलतानपूरच्या इंद्रभानकाकांनी. काका एस.टी.त कंडक्टर होते. जन्मभर तिकिटांच्या गड्ड्या बोटांवर खेळवलेल्या, त्यामुळे निवृत्तीनंतर बोटे गप्प बसेनात. मंडळात कोणी चेहरा दाखवत नसे, फक्त हात. फहीमला इंद्रभानकाका माहीत होते ते चांदीच्या अंगठीवरून, आणि संग्रामपूरची वैष्णवी माहीत होती ती अंगठ्यावरच्या भाजल्याच्या खुणेवरून. वैष्णवी तिथे एका मेडिकलच्या दुकानात काम करते. गोळ्यांची पाकिटे मोजणारे हात ते, पत्त्यांना काय जुमानणार! तिच्या हातात इस्पिकचा एक्कासुद्धा वळण घेऊन लाजत असे.

मंडळाची एक रीत होती. आपली कसरत झाली की शेवटी एक पत्ता पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर फेकायचा. पुढच्याने आपल्या व्हिडिओच्या सुरुवातीला तोच पत्ता, आपल्या कॅटातला, डाव्या कडेतून येताना झेलायचा. असा पत्ता दुसरबीडहून सुटायचा आणि जालन्याला झेलला जायचा. तो झेलला जाईपर्यंत 'हवेत आहे' असे म्हणत, आणि एक पत्ता हवेत असताना कोणी दुसरा फेकत नसे. आणखी एक बारीकशी गोष्ट होती. पत्ता उजवीकडे न जाता डावीकडे गेला, तर तो ज्याच्याकडून आला त्याला परत केला असे समजत. म्हणजे, तुझे फेकणे जमले नाही, पुन्हा फेक. असे कोणी सहसा करत नसे. परत पत्ता म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखे.

मित्रांनो, काय दिवस होते ते! सकाळी पत्ता सुटे आणि दुपारच्या जेवणाआधी झेलला जाई. फहीम पिंजणयंत्र थांबवून मोबाइल बघायचा आणि अमीरबी खोळीमागून टोमणा मारायची की गिऱ्हाइकाने आता गादी विमानाने मागवावी, लवकर मिळेल.

मग एक दिवस वैष्णवीने बदामची अठ्ठी फेकली. एका हाताची कापणी, मधला पत्ता गरगर फिरवत वर, आणि तिथूनच बाहेर. ही कसरत तिची स्वतःची होती. मंडळात कोणी पाहिलेली नव्हती. फहीमने त्याच दुपारी ती झेलली. त्याने नुकताच नवा फोन घेतला होता. फोन गाद्यांच्या चवडीवर ठेवून, पडद्यात स्वतःचे हात बघत त्याने कसरत केली आणि तीच अठ्ठी पुढे, नेहमीच्या बाजूला फेकली.

जोर जरा जास्त झाला. माझी अठ्ठी कापसावर न पडता दारातून बाहेर गेली, रस्त्यावरून जाणाऱ्या सरकीच्या ट्रकला भिडली, आणि ताडपत्रीच्या दोरीखाली जाऊन बसली. फहीम म्हणतो ती गटारीत पडली. तो त्या वेळी फोनकडे बघत होता. मी दाराकडे बघत होतो.

ती अठ्ठी कोणी झेलली नाही.

आठवडे गेले, महिने गेले. मंडळ ओस पडत चालले. कारणे लोक हजार सांगतात. पुण्याच्या एकाला नोकरी लागली. जालन्याच्या मुलीचे लग्न झाले. एकाने पत्ते सोडून कबुतरे पाळली. उरलेल्यांचे अंगठे पडदा वर सरकवण्यात गुंतले. जिथे पत्ते उडायचे तिथे सुप्रभातची गुलाबाची फुले येऊ लागली. फहीमने मात्र एकच कारण धरले. आपले फेकणे कोणाला आवडले नाही. आपली अठ्ठी हवेत लोंबकळते आहे म्हणून मंडळ थांबले आहे. त्याने मला हातात घेणे सोडले. अमीरबीच्या शिवणयंत्राचा एक पाय डगमगत होता, त्याच्याखाली माझी सोय झाली. चार राजे आणि चार राण्या, मित्रांनो, आणि वरून खडखड खडखड रजई शिवली जाते आहे.

एक दिवस इंद्रभानकाकांचा आवाज फोनमधून आला. बोलणे कंडक्टरचेच. "मंडळी, शुक्रवारी मी मंडळ बंद करतो. रिकाम्या गाडीत घंटी किती वाजवू? ज्याले वाटंन त्यानं जाता जाता एक कसरत टाका. मले पाहून घेऊ द्या सगळ्यायचे हात."

फहीमने मला यंत्राच्या पायाखालून काढले. फुंकर घातली, तंतू झटकले. बोटे अडखळत होती. मीही ताठरलो होतो. पण थोड्या वेळाने दोघांनाही आठवले. शेवटी त्याने चौकटची सत्ती फोनसमोर धरली, नमस्कारासारखी, आणि फोन बंद केला.

व्हिडिओ बघताना त्याचे डोळे भरले. मुलगा रडतो आहे म्हणून अमीरबी सुई खोचून शेजारी येऊन बसली. त्याची कसरत मोबाइलवर तिने आजवर पाहिली नव्हती. ती रोज समोर यंत्रावर बसून त्याचे हात पाहायची. तिने एकदा पाहिले, पुन्हा पाहायला लावले, आणि म्हणाली, "तू डाव्या हातानं काऊन करून राह्यला?"

"उजव्यानंच केलं, अम्मी."

"मी काय आंधळी हावो? इथं डावा दिसते. अन् हा सात पाह्य, उलटा."

फहीमने पाहिले. सत्तीचा आकडा उलटा होता. नवा फोन आरशासारखा व्हिडिओ काढत होता, उजव्याचे डावे करून. फहीमचा सराव आधीपासून आरशासमोरचा. त्याला आरशातलेच हात सरळ वाटायचे, म्हणून त्याला ते कधी खटकले नाही. त्याने घाईघाईने तो जुना व्हिडिओ काढला. अठ्ठी उजव्या कडेतून आत येऊन डाव्या कडेतून बाहेर जात होती; येण्याकडे कोणाचे लक्ष गेले नसेल, जाण्याकडे सगळ्यांचे गेले. आठाचा आकडा आरशातही आठच दिसतो, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. वैष्णवीची ती नवी कसरत, आणि फहीमने तिचा पत्ता भर मंडळात परत केला होता.

त्याने मंडळाच्या यादीतून वैष्णवीचा नंबर काढला. मग त्याने तिला फोन लावला. इतक्या वर्षांत दोघे कधी बोलले नव्हते.

"मी फहीम. दुसरबीडचा. गादीवाला."

पलीकडे गोळ्यांची पाकिटे खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वैष्णवी म्हणाली, "हात दाखवले असते तं लवकर वळखलं असतं."

"ताई, ती अठ्ठी मी परत नव्हती केली. फोननं उलटी दाखवली. मी तं पुढं फेकली होती."

"कोणाले?"

"जो झेलीन त्याले."

"अन् मले वाटलं, माह्यं जमलं नाही," ती म्हणाली. "कॅट पेटीत ठेवून देला मी. तुम्हाले विचारू तरी कसं? बाकीचे काय म्हणले असते, परत पत्ता आला तं भांडाले निघाली."

"ताई, झेला ना आता. नाही तं हवेतच म्हातारी होईन ती."

मागाहून कळले की मंडळातल्या बाकीच्यांनीही अठ्ठी झेलली नव्हती ती केवळ सभ्यपणामुळे. परत केलेला पत्ता वैष्णवीचा, दुसऱ्याच्या ताटात आपण कसा हात घालायचा? सगळे एकमेकांचा मान राखत गप्प बसले, आणि त्या मानापोटी मंडळ मरायला टेकले.

शुक्रवारी सकाळी वैष्णवीचा व्हिडिओ आला. डाव्या कडेतून बदामची अठ्ठी आली आणि भाजल्याची खूण असलेल्या अंगठ्याने ती अलगद टिपली. तीच कसरत, गरगर फिरवून वर, आणि उजवीकडे बाहेर. दुपारी ती सुलतानपुरात चांदीच्या अंगठीवाल्या हाताने झेलली. व्हिडिओच्या शेवटी कंडक्टरची घंटी वाजली. दोनदा. म्हणजे गाडी चालू द्या.

मंडळ पूर्वीइतके भरलेले नाही. सात-आठ हात उरलेत. पण पत्ता हवेत फार दिवस राहत नाही.

आता डागाचे सांगतो. वैष्णवीने झेललेल्या अठ्ठीवर गोल डाग होता. लोणारच्या तळ्यासारखा. मी पाहिला. सरकीचा ट्रक संग्रामपूरकडेच गेला असणार, दुसरे काय! फहीमने अम्मीला तो डाग दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "संग्रामपुरातही चहा पेतात लोकं." तिने विषय संपवला. माझा संपलेला नाही.

मित्रांनो, आम्हा पत्त्यांची निगा राखायला फार लागत नाही. चहाचा कप लांब ठेवा. यंत्राच्या पायाखाली लाकडाचा तुकडा घाला, कॅट घालू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पेटीतून काढून वारा दाखवा, नाहीतर आम्ही एकमेकांना चिकटतो. आणि कोणाचा पत्ता हवेत लोंबकळताना दिसला, तर तो कोणाचा म्हणून मान राखत बसू नका. विचारा. नाहीतर सरळ हात पुढे करा.

फहीमने आजच सकाळी किलवरचा राजा फेकला आहे. तिरकी मान, रागीट डोळा, ओळखायला सोपा. या वेळी फोन तपासून फेकला आहे, उजवीकडे. म्हणजे तो तुमच्या डाव्या बाजूने येईल.

कानाजवळ काही सळसळले का?

मग बघता काय, झेला.