समोरच्या बाजूची रेघ

नवरा मफ्दल गेल्यावर बतूलने त्याच्या पेटीतला एकच कागद बाहेर ठेवला होता. आरशावर टाकायच्या पडद्याची नक्षी. तेतुआन शहरातल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या पडद्यांवर त्याने भरतकामाआधीच्या रेघा काढून दिल्या. हा पडदा मात्र बतूलचा, लग्नात राहून गेलेला. डाळिंबाची फांदी. डावी बाजू शाईने पक्की केलेली, उजवी नुसती पेन्सिलीत, आणि पेन्सिल पुसट होत चाललेली. ती पुरती जाण्याआधी उजवी बाजू त्याच्या हातची वाटेल अशी काढायची, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून या वयात ती भाची गिझलानकडे रेघ शिकत होती. आधी कागदावर टाकाने, आता टॅबवर.

"आत्या, मनगटातून नको, खांद्यातून ओढ."

"औषधांच्या दुकानात जन्म काढला मी. विष तोलताना हात हलला नाही. ही रेघच माजोरी आहे."

"विषाला घाबरायचीस. रेघेवर रागावतेस," गिझलान हसली. "आणि एवढा जीव कशाला काढतेस? डावी बाजू उलटवली की उजवी आपोआप उमटते. आरशावरचाच पडदा ना, मग आरसाच वापर!"

तिने बटण दाबून दाखवलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. बतूल बघत राहिली.

"पूस ते. त्याच्या दोन फांद्या कधी जुळ्या नव्हत्या."

कागदाचा फोटो खालच्या थरावर ठेवून ती पुन्हा गिरवू लागली. रेघ पेन्सिलीवरून बरोबर जात होती, तरी परकी दिसत होती. तिने डावी बाजू मोठी करून पाहिली. मफ्दलची प्रत्येक रेघ देठाशी जाड होती, टोकाकडे निमुळती. जिथे टाक टेकला तिथे शाई जास्त. म्हणजे त्याने देठापासून सुरुवात केली होती. देठ कागदाच्या खालच्या बाजूला, तिच्या पोटाशी. तिथून पेन पुढे ढकललं की हात थरथरे. टोकाकडून अंगाकडे ओढलं तर रेघ सुरेख येई, पण जाडी भलत्याच टोकाला.

"मग काकांनी कशी काढली? छताला लटकून?" गिझलान म्हणाली.

बतूलचं पेन थांबलं. गिऱ्हाईक बाई समोर बसायची. तिला नक्षी सरळ दिसावी म्हणून मफ्दल आपल्या बाजूने उलटी काढायचा. इतक्या वर्षांत ती सवयच झाली होती. हा पडदा काढतानाही बतूल समोर बसून वाटाणे सोलत होती. नक्षी तिच्याकडे तोंड करून होती. त्याच्याकडे कधीच नव्हती.

टॅब जागेवरच ठेवून ती उठली, मेजाला वळसा घालून मफ्दल बसायचा त्या बाजूला जाऊन बसली. फांदी उलटी दिसू लागली. देठ दूर, टोक जवळ. तिने देठाशी पेन टेकवलं, श्वास सोडला आणि रेघ अंगाकडे ओढली. मुळाशी भरलेली, वळणावर हलकी, टोकाला विरत गेलेली. कुठेही थरथर नाही.

ती त्याची होती.

बतूलने वर पाहिलं. इथून त्याला रोज काय दिसत असेल, याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिचे हात, डोक्यावरचा रुमाल, मागची खिडकी. आता नुसती खिडकी होती.

गिझलान वाकून बघत होती. "छान आली गं. पण कालचीही छानच होती की. फरक काय?"

बतूलने सांगायला तोंड उघडलं. जाडी, ओढ, देठ, सगळं सांगता आलं असतं. पण न सांगता ज्याला कळलं असतं असा एकच माणूस होता, आणि त्याला दाखवायची सोय उरली नव्हती.

"थोडा आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाच्या देठाशी पेन टेकवलं.