टिचकी धोक्याबाहेर

पालापाचोळ्याच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. टिचकी वाजवावी तसा ओरडतो, म्हणून त्याचं नावही टिचकी. साऱ्या जगात तो एकाच जंगलात उरलाय, असं सगळे धरून चालले होते. ते जंगल पिंजून काढलं होतं विद्यापीठातल्या सरांनी. 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का टिचकीला मिळाला तो त्यांच्याच खटपटीने, आणि त्या शिक्क्यामुळे जंगलातून जाणारा रस्ता अडून राहिला होता.

सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी त्यांची विद्यार्थिनी आली. एका हंगामात डोंगरापलीकडच्या रानात तिला टिचकी ऐकू आली. एखाददुसरी नव्हे, झुडपाझुडपातून. ती तिथेच चिखलात बसकण मारून आनंदाने रडली, आणि घरी न जाता थेट सरांकडे गेली.

सर खुलले. मग चष्मा काढून पुसू लागले.

"इतक्यात कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का, सर?"

"टिचकी भरपूर आहे म्हटल्यावर शिक्का उतरेल. मग रस्ता आलाच म्हणून समज."

"पण जे दिसेल ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं," सर म्हणाले. "आता वाटतं, जरा कमी शिकवायला हवं होतं."

तिने लिहिलं. असे शिक्के देणाऱ्या समितीने टिचकीला धोक्याबाहेर काढलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. आईने नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं, "आमच्या लेकीने पाखरू वाचवलं!"

पुढच्याच हिवाळ्यात जुन्या जंगलात यंत्रं शिरली. कळताच ती धावत तिथे गेली. रस्त्याच्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिचाच अहवाल पुढे ठेवला.

"बाई, हे तुमचंच ना? तुमच्यामुळे आमचं काम मार्गी लागलं. आभारच मानायला हवेत."

तिने समितीकडे दाद मागितली. उत्तर आलं : संख्या घटल्याचा पुरावा द्या, मग विचार करू. म्हणजे आधी मरू द्या.

जुन्या जंगलातली टिचकी त्यानंतरच्या उन्हाळ्यात संपली. तिची घरटी जमिनीवर, पाल्याखाली. उडून जायला पिल्लांना पंखच फुटले नव्हते.

ती सरांकडे गेली. रागावतील, घालूनपाडून बोलतील, या आशेनेच गेली होती. काकूंनी दार उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते.

"सर, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? तुझं काही चुकलं नाही."

"असं नका म्हणू."

"अगं, खरंच नाही चुकलं," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर बघू लागले.

काकूंनी पाणी आणून दिलं. ती उभ्या उभ्याच ते प्यायली, आणि पायऱ्या उतरली. त्यानंतर ती त्या घरी कधी गेली नाही. सरांनीही बोलावलं नाही.