चल म्हणेपर्यंत

“उजवीकडे घ्या. अजून थोडं. हां, धुरांडं मागे पडलं,” ती ओरडली. गच्चीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर ती उभी होती. मान वर, एक हात कपाळाशी आडवा, दुसऱ्या हाताने टाकीचा पाइप घट्ट धरलेला.

“घेतलं. वारा कसा आहे?”

“मला काय माहीत कसा आहे! ड्रोन जरा तिरका झाल्यासारखा वाटतोय.”

“मग आहे वारा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या तिच्या पाठीमागे, जिन्याच्या दाराच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. रिमोट मांडीवर, दोन्ही अंगठे त्याच्या दोन दांड्यांवर, नजर त्यालाच लावलेल्या स्क्रीनवर. तिथून त्यांना ड्रोन दिसणं शक्यच नव्हतं, मधे शेजारच्या इमारतीचा आख्खा वरचा मजला येत होता. टाकीपाशी बसावं तर उन्हात स्क्रीनवर काही म्हणता काही दिसेना. आणि ड्रोन कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांसमोर असलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. “म्हणून हात माझे, डोळे तुझे,” असं त्यांनी सकाळीच वाटून टाकलं होतं.

जायचं होतं ते रस्त्यापलीकडच्या ओतकामाच्या कारखान्यामागे. कारखाना केव्हाच बंद पडला होता. आता शेडच्या मागच्या भिंतीचे पत्रे उतरवले होते आणि आतली मोठी क्रेन उद्यापासून कापायला घेणार होते. त्या क्रेनच्या केबिनमध्ये सासूबाईंची सगळी नोकरी गेली होती. एकदा बघून येते, म्हणून त्या चालत फाटकापर्यंत जाऊन आल्या, तर तिथल्या पोरसवदा रखवालदाराने परत पाठवलं.

“म्हणे, आजी, आत धोका आहे,” त्यांनी हसत सांगितलं होतं. “वितळलेलं लोखंड घेऊन हिंडले मी तिथं, आणि हा मला धोका सांगतोय.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी ड्रोन घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. तिने तर दोन्ही. आज मात्र ती मुद्दाम बघायला आली होती, ड्रोन नव्हे, सासूबाईंना. प्रयोगशाळेतून फोन आला होता, सोमवारपासून पुन्हा कामावर येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा. “मुंगीला आईकडे ठेव की,” नवरा लेकीबद्दल सहज म्हणाला होता. त्याचं सगळंच सहज असायचं. द्राक्ष अख्खं देऊ नकोस, उभं चिरून दे, असं ती म्हणाली की तो आधी “का?” विचारायचा, मग हसायचा, आणि तोवर द्राक्ष मुंगीच्या तोंडात गेलेलं असायचं. त्याने बायकोचं नाव सायरन ठेवलं होतं. तिची स्वतःची आई तर म्हणायची, “तुम्हांला काय आम्ही कापसात गुंडाळून वाढवलं?” तीन वर्षांत तिच्या ‘थांबा’ला कोणी थांबलं असेल तर रिक्षावाले.

ड्रोन शेडच्या छपरावरून पुढे सरकला. तिने डोळे बारीक केले. ठिपका हरवून चालणार नव्हतं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मघापासून मुंगीचा आवाज नाही. आपली नजर आभाळात, सासूबाईंची स्क्रीनवर. पोरीकडे कुणाची?

“थांबा!”

मागून रिमोटच्या दांड्यांची टिकटिक बंद झाली. “थांबले,” सासूबाई म्हणाल्या.

तिने वळून पाहिलं. मुंगी सासूबाईंच्या दोन गुडघ्यांच्या मधे उभी होती, चिमट्यात धरल्यासारखी. तिचे दोन्ही हात स्क्रीनवर सावलीसाठी आडोसा धरण्यात गुंतले होते, जीभ एका कोपऱ्यातून बाहेर आली होती. सासूबाईंचे अंगठे दांड्यांपासून वेगळे, हवेत. त्या तिच्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, कपाळावर आठी नाही, काही नाही.

“काही नाही,” ती ओशाळली. “मला उगाच वाटलं, की...”

“मी विचारलं का काही?”

“नाही, पण...”

“वर केबिनमधून खालचं काही दिसायचं नाही बघ. धूर, मधे भट्टी. खाली एक जण इशारे करायला असायचा, त्याच्याच हातावर सगळं उचलायचं, ठेवायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. पण ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणावं. झाडूवाला म्हणो, चहावाला म्हणो. थांबायचं. का, ते विचारायचं नाही. विचारेपर्यंत माणूस जातो.”

“आणि मग पुन्हा सुरू?”

“ज्यानं थांबवलं त्यानं ‘चल’ म्हणायचं.”

त्यांचे अंगठे अजून हवेतच होते. क्षणभराने तिला कळलं, की त्या वाट बघताहेत. एवढ्याशा गोष्टीसाठी.

“चला,” ती म्हणाली आणि पुन्हा आभाळाकडे तोंड केलं. मघाएवढी मान अवघडत नव्हती.

ड्रोन शेडच्या पलीकडच्या कडेला पोचला आणि खाली उतरू लागला. आधी पाय गेले, मग पंखे, मग छपराची काळी कड तेवढी उरली.

“आई, आता मलाही दिसत नाहीये.”

“माहितेय. स्क्रीनवर क्रेनची तुळई आली. आपली पिवळी तुळई! रंग बघ अजून कसा आहे...” सासूबाईंचा आवाज एकदम वीस वर्षांनी लहान झाला. “केबिन डाव्या अंगाला. दोन हात पुढे गेलं की दिसेल. फक्त दोन हात.”

‘थांबा’ तिच्या ओठांवर आलं होतं. नियम त्यांचाच होता, बॅटरीही बरीच उतरली असणार. तिने वळून पाहिलं. सासूबाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या, खांदे कानांपर्यंत आले होते, झोपलेल्या बाळाच्या हातातून खुळखुळा काढून घ्यावा, तितक्या हळू अंगठा सरकत होता. तिने शब्द गिळला.

“थांबा!”

मुंगी ओरडली होती. थेट आईच्याच सुरात, शेवटचा ‘बा’ तसाच उंच नेऊन.

सासूबाईंचे अंगठे वर आले. “थांबले.”

“अहो आई, तिला काय कळतंय! ती नक्कल करतेय माझी. जा तुम्ही पुढे, बॅटरी...”

“तिनं थांबवलंय,” सासूबाई म्हणाल्या. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग मुंगीकडे.

मुंगीने एक पाय दुसऱ्यावर चढवला. “मला शू आली.”

“मी नेते तिला,” ती चौथऱ्यावरून उतरू लागली. “थांब हं मुंगी, आलेच.”

“तू इथवर येईस्तोवर माझ्या पायांवर कार्यक्रम उरकेल. इकडे ये, धर हे.” सासूबाई उठल्याच. रिमोट तिच्या हातात आला, अजून कोमट.

“मला नाही येत हो!”

“काही करायचंच नाही. हात सोडला की तो जागच्या जागी उभा राहतो. ही ‘चल’ म्हणेपर्यंत हलवायचं नाही.”

“आणि म्हणाली तर?”

“तर काय? उजवा अंगठा पुढे,” जिन्याच्या दारातून उत्तर आलं.

खालच्या मजल्यापर्यंत जिना अरुंद होता, कठडा एका ठिकाणी हलत होता. सकाळी येताना तिने तो हलवून पाहिला होता. “एकेक पायरी, राणी. घाई झाली तरी एकेकच,” सासूबाईंचा आवाज खाली खाली गेला. मुंगीच्या चपलांची चटचट गेली. कठड्याच्या त्या जागेपाशी चटचट थांबली, पुन्हा सुरू झाली. मग दार लागलं.

‘हात धरलाय ना?’ हे तिने ओरडून विचारलं नाही.

गच्चीवर आता वर बघण्यासारखं काही नव्हतं आणि खाली बघण्यासारखंही. हातातल्या स्क्रीनवर पिवळी तुळई मंद हेलकावत होती. तिच्या टोकाला एका खिडकीची अर्धी चौकट, तेवढीच. रिमोट टुकटुक करू लागला. बॅटरी आणखी उतरली, की ड्रोन आपला आपण माघारी फिरतो, हे सकाळी सासूबाईंनीच सांगितलं होतं. तिने दोन्ही अंगठे हवेत उचलून धरले, ताप मोजताना मुंगी काखेत थर्मामीटर धरते तितक्याच प्रामाणिकपणे. पर्समधला फोन वाजला, वाजून बंद झाला.

जिन्याच्या पोकळीतून हाक आली, जोरात, समाधानाची.

“आईऽऽ! चल!”

तिने दाराकडे पाहिलं. वर कुणी येत नव्हतं. तिने अंगठा टेकवला आणि पुढे ढकलला.

चौकट पुरी झाली. दुसरी खिडकी आली, मग फुटक्या काचेआडची खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीला बांधलेली फुलाफुलांची उशी. रंग उडालेली, गाठ मात्र पक्की. तिने अंगठा उचलला. केबिन स्क्रीनच्या मधोमध उभी राहिली.

पायऱ्यांवर पुन्हा चटचट आली. तिने मागे वळून पाहिलं नाही, स्क्रीन तेवढी दाराकडे वळवून धरली. सासूबाई आल्या, एका हातात मुंगीचं मनगट, दुसरा पुसायचा राहिलेला. त्यांनी रिमोट मागितला नाही. ओला हात गुडघ्यावर टेकला आणि वाकून बघत राहिल्या.

टुकटुक वाढली होती.

“आई,” ती म्हणाली, “सोमवारी हिला सकाळी तुमच्याकडे किती वाजता...”

सासूबाईंनी नजर न हलवता तळहात वर केला. “थांब.”

ती थांबली. का, ते विचारलं नाही.