पुस्तकात तो उतरत नाही

"आता काय चाललंय?" आईनं कानाशी विचारलं.

"होडी आलीय. धुकं आहे. मुलगा होडीत उभा आहे," तिचा लिफ्टवाला मुलगा कुजबुजला.

"आणि ती?"

"काठावर. हातात कंदील."

मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. दृष्टी गेल्यापासून आई सिनेमा कानांनीच पाहायची. पडद्यावरची माणसं गप्प झाली की मुलाला बोलावं लागे. पुस्तकात आता पुढे काय होतं, ते लिफ्टवाल्याला ठाऊक होतं. आईला मात्र त्यानं वेगळंच सांगून ठेवलं होतं.

बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. 'अख्ख्या गावाला वर पोचवतो आणि स्वतः तळमजल्यावर राहतो,' असं शेजारी चिडवायचे, तेव्हा आईच सगळ्यांत मोठ्यानं हसायची. हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला होता, तिच्यातला एक धडा तिला शाळेत होता. पूर्ण पुस्तक वाचायचं संसाराच्या रगाड्यात राहून गेलं आणि मग डोळेच गेले. म्हणून यंदा कामावरून आला की लिफ्टवाला तिला रोज थोडं थोडं वाचून दाखवू लागला.

त्याच दिवसांत आई न्हाणीघरात पडली. बायको दवाखान्यात नर्स, हा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या जिन्यात. घरात बघायला कोण? दोघांनी वृद्धांच्या एका निवासात खोली ठरवून टाकली. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. तेवढ्यात पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं.

पोटासाठी परमुलखात गेलेला मुलगा किती वर्षांनी परततो. काठावर आईचा कंदील त्याला दिसतो. आणि तो नावाड्याला म्हणतो, "थांबू नकोस. पुढे चल."

ती ओळ लिफ्टवाल्यानं डोळ्यांनी वाचली, पण तोंडानं म्हटली नाही. जन्मात एक गोष्ट न रचलेल्या त्या माणसानं होडी काठाला लावली, मुलाला उतरवलं, आईसमोर उभं केलं. "बरं झालं," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तेव्हापासून तिच्या ताटात तो दोन घास जास्तच वाढू लागला.

सिनेमा लागला तेव्हा आईनंच हट्ट धरला. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

पडद्यावर होडी हलली. आणि मुलानं पाण्यात उडी टाकली! धावत काठावर आला, आईला कवटाळलं. व्हायोलिनं वाजू लागली, आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज आले.

"उतरला, आई!" लिफ्टवाला म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्या सुटकेचीच लाज वाटली.

बाहेर पायऱ्यांवर शेजारचे निवृत्त मास्तर भेटले. ते नुसते धुमसत होते.

"वाटोळं केलं हो! पुस्तकात तो उतरतच नाही. तीच तर सगळी मेख आहे! यांना आपलं गोड करून द्यायचं!"

"हो का?" आई एवढंच म्हणाली.

बसथांब्यावर दोघं बसली. लिफ्टवाल्यानं सिनेमाची तिकिटं चुरगाळली. "आई, मी तुला..."

"पान उलटल्याचा आवाज आला नाही," आई म्हणाली. "गोष्ट आपली पुढे चाललीय, आणि पान काही उलटत नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, शेवट पुन्हा वाच बाई."

"तिनं वाचला?"

"वाचता वाचता रडायला लागली. मग सगळंच बोलली. खोलीचं पण."

लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. "मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." "सिनेमापेक्षा तुझाच शेवट बरा होता. यातली आई नुसती गळ्यात पडून रडली. तुझ्या गोष्टीतलीनं विचारलं तरी, जेवलास का म्हणून."

"आणि पुस्तकातला?"

"पुस्तकातलीला कळलंच नाही, तो येऊन गेला ते. तिचं एक बरं होतं."

दर रविवारी येईन, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं, पण स्वतःलाच ते खरं वाटेना.

"कधी जायचंय?" तिनं विचारलं.

"पुढच्या सोमवारी."

"खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट आहे का?"

"आहे. बघून आलोय मी. चांगली आहे."

"मग झालं तर."

बस आली. त्यानं सवयीनं तिच्या कोपराला हात लावला.

"सोड," आई म्हणाली. "करू दे मला."

तिनं काठीनं पायरी चाचपली, दांडा शोधून घट्ट धरला आणि चढली. तो मागे उभा होता, दोन्ही हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धरून. ती आत जाऊन बसेपर्यंत ते त्याला खाली घेता आले नाहीत.