क्लाराच्या गाण्यांचा कॉम्प्युटर

उद्या स्वीडलचं उंबराचं पाणी. वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं आणि बायांनी गाणी म्हणायची. साऱ्या गावठाणात ती गाणी एकट्या क्लाराला धड पाठ होती, आणि क्लाराला जाऊन तीन वर्षं झाली. ती आजारी असताना स्वीडलनं आईची बावीस गाणी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली. उद्या विहिरीवर तीच लावायची, हे पोरीनं केव्हाच ठरवलं होतं. आणि मेला कॉम्प्युटर नेमका आजच बंद पडला.

"पॉवर सप्लाय गेलाय, बाकी काय नाय," ऑस्वल्ड लेकीला म्हणाला, आणि खोपटच्या भंगारवाल्याकडून एक जुना सप्लाय उचलून घेऊन आला.

"पपा, दुकानात देऊया ना."

त्याला ते लागलं. चाळीस वर्षं ठाण्यातले टीव्ही दुरुस्त केलेला माणूस घरात असताना दुकान कशाला?

त्यानं मीटर लावला. पाच व्होल्टांची वायर ठीक होती. बाराच्या वायरीवर मात्र गाण्यांची डिस्क जोडली की जेमतेम दहा, आणि तेवढ्यावर डिस्क फिरेना. आत एक कपॅसिटर फुगलेला त्याला दिसलाही. तो बदलला असता तर काम झालं असतं. पण तसला घरात नव्हता, आणि ऑस्वल्डला दम कुठला! जुन्या टीव्हीत व्होल्टेज कमी पडलं की आतला बारकासा स्क्रू पिळायचा, चित्र यायचं. इथंही तसा स्क्रू होता. डिस्क न काढताच त्यानं तो पिळला.

दहा. अकरा. बारा. डिस्क फिरायला लागली.

"आली बघ!" तो ओरडला.

त्या एका स्क्रूवर पाचाच्या वायरीचं व्होल्टेजही चढत होतं, आणि तिकडे त्यानं मीटर लावलाच नाही. चट् झालं, जळका वास सुटला, डिस्क थांबली. स्वीडल ती घेऊन दुकानात धावली, पण दुकानदारानं हात वर केले.

परत येऊन ती त्याच्याशेजारी बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पपा, तुला एखादं तरी येत असेल ना? मम्मी रोज म्हणायची."

त्यानं आठवून पाहिलं. एक ओळ येईना. क्लारा स्वयंपाकघरात गायला लागली की तो दुरुस्तीच्या टेबलावरून ओरडायचा, "गप गं जरा, सेटचा आवाज ऐकू दे." आणि ती बिचारी गप बसायची.